वखारीतला सोमवार

शेठकडे वर्गणी मागायला जाणाऱ्याला आधी गावं लागे. ही अट लातुरात सगळ्यांना ठाऊक होती. गणपतीच्या आधी लाकडाच्या वखारीच्या फाटकाबाहेर मंडळांची पोरं घोळका करून आरतीची तालीम करताना दिसत. आत शेठ एखाद्या ओंडक्यावर बसलेले. पोरांनी पावतीपुस्तक पुढं केलं की ते हातानं बाजूला सारत आणि गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत, "पैले गा. मग बघू." चांगलं गाणाऱ्याला जास्त मिळे असं नव्हतं. बेसूर गाणाऱ्यालाही तेवढंच मिळे. न गाणाऱ्याला मात्र चहा पाजून परत पाठवत.

नव्या जिल्ह्याला वर्ष झालं तेव्हा समारंभाच्या वर्गणीसाठी गावातली प्रतिष्ठित मंडळी एका अधिकाऱ्याला बरोबर घेऊन आली. अट ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण शेठच्या कानाशी वाकून म्हणाला, अहो, हे साहेब आहेत. शेठनी विचारलं, साहेबाला गळा नसतो का? मग त्या अधिकाऱ्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि शाळेत म्हणायचा ती प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली. बरोबरची मंडळी खाली मान घालून उभी होती. शेठ त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. एवढा मान त्यांनी दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याला दिल्याचं मी पाहिलं नाही.

हे मला दिसलं, कारण मी वखारीच्या वरच राहत होतो.

मी मूळचा लोहा तालुक्यातला. नांदेडला कचेरीत कारकून होतो. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, बढतीची आशा दिसत होती, म्हणून बदली मागून घेतली. लातुरात आल्यावर कळलं की असा विचार करणारा मी एकटा नव्हतो. सगळ्या गावात खोली मिळेना. मिळाली तर डिपॉझिट ऐकून परत फिरावं लागे. बायको आणि लहान मुलगी नांदेडलाच, आणि मी धर्मशाळेत. तेव्हा कुणीतरी वखारीचं नाव सांगितलं. शेठनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, डिपॉझिटही मागितलं नाही. भाडं रास्त होतं. एकच अट घातली. दर सोमवारी संध्याकाळी वखारीत भजनाची बैठक बसते, तिथं घरातल्या एकानं तरी हजर राहायचं.

मी म्हणालो, हे करारात लिहून घेऊ. माझा हेतू सरळ होता. पुढं सोमवारच्या जोडीला गुरुवारही यायला नको. शेठ खूप हसले. "लिहून काय होते, साहेब? तुम्ही बसा." ते मला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणत. मी साहेब नव्हतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांना ऐकू कमी येत असे, आणि सोयीनं त्याहून कमी येत असे.

शेठ कच्छचे. पोरवयात नातेवाइकाच्या वखारीत कामाला म्हणून इकडं आले ते इकडचेच झाले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि दोन्हींवर लाकडाचा भुसा. बोलणं म्हणजे कच्छी, हिंदी आणि लातुरी यांची मिसळ. त्यात खुर्ची येतो आणि पंखा बसते. आयुष्यभर करवतीच्या आवाजात राहिल्यानं कान गेलेले. उजव्या हाताची दोन बोटं त्याच करवतीनं नेलेली. लहानपणी ते ढोलक वाजवायचे, असं बा सांगत. बा म्हणजे शेठच्या पत्नी. सगळी वखार त्यांना बाच म्हणे. बोटं गेल्यावर शेठनी पुन्हा ढोलकाला हात लावला नाही, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

त्यांना टकटक करण्याची सवय होती. दार, टेबल, दुसऱ्याच्या घरातलं कपाट, जे समोर येईल त्यावर बोटाचं पेर वाजवून बघत आणि निकाल देत. "हा आतून फाटला आहे." "हा आंब्याचा आहे, तुम्हाला सागवान सांगून दिला." आमच्याकडे पाहुणे आले असताना त्यांनी माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या पलंगावर असाच निकाल दिला. सासरे तिथंच बसले होते.

वखारीत चांगला शिसवाचा किंवा खैराचा तुकडा आला की तो विक्रीतून बाजूला निघे. त्याचं पखवाजाचं खोड करवून शेठ ते खेड्यातल्या भजनी मंडळांना देऊन टाकत. खोडाच्या आत, वाजवणाऱ्यालाही दिसणार नाही अशा जागी, ते झाड कुठल्या गावचं ते तापल्या सळईनं लिहीत. स्वतःचं नाव लिहीत नसत. मी एकदा विचारलं की वर्षाला अशी किती खोडं जातात. त्यांनी सांगितलं की मोजलं तर देववणार नाही. हे मला पटलं नव्हतं. मोजूनही देता येतं, असं माझं मत आहे.

आता सोमवारबद्दल.

वखारीच्या मागच्या शेडमध्ये जाड सागवानी फळ्यांचं एक बसकं व्यासपीठ होतं. दिवेलागणीनंतर त्यावर बैठक बसे. गावातले दोन-तीन दुकानदार, बाकी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, बहुतेक लिंगायत, शंकराची भजनं म्हणणारे. शेठ व्यासपीठावर कधी बसले नाहीत. खाली, कडेला सतरंजीवर बसत आणि डावा तळवा फळीवर सपाट टेकवत. कानांनी जे येत नसे ते त्यांना हातानं येई. कोण घाईत आहे, कोणाचं लक्ष नाही, ते बरोबर ओळखत. पहिल्यांदा मला हा देखावा वाटला. नंतर मीच त्यांच्या नकळत फळीवर हात ठेवून पाहिला. पखवाजाचा घुमारा खरोखरच तळव्यात येत होता.

मला सूर कळत नाही. हे मी पहिल्याच सोमवारी सांगून टाकलं. शेठनी विचारलं, मग काय येतं? मी म्हणालो, मोजता येतं. त्यांनी माझ्या हातात टाळ दिले. आठ मात्रा मोजायच्या आणि टाळ मारायचे. हे मला लगेच जमलं. अडचण अशी झाली की भजन रंगलं की सगळे लय वाढवत, आणि मी वाढवत नसे. ठरलेलं सोडून पळायचं कशाला, ते मला कळेना. गाणारे डोळे वटारायचे. एकदा एकानं सगळ्यांदेखत म्हटलं, "ह्यांना कामून बसवलंय शेठजी? हे तर कचेरीच्या घड्याळावानी वाजवून राहिले." तेव्हा पखवाजवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पळणारे लई हायती. एक तरी थांबणारा असू द्या."

तो पखवाजवाला म्हणजे आप्पा.

औशाकडच्या एका खेड्यातला शेतकरी. दर सोमवारी सायकलीवर यायचा. उंच, काटक, कपाळाला भस्म. बोलायला तुटक, वाजवायला मोकळा. आसपासच्या गावांतली पाच-सहा जणं त्याच्याकडून शिकत होती आणि त्याच्यामुळेच सोमवारी येत होती. आप्पा नसेल त्या सोमवारी बैठक बसे, पण लोक लवकर उठत. शेठ तर फळीवरचा हातच काढून घेत.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो खोल आवाज निघत नाही. वाजवणं संपलं की ती खरडून काढतात. दुष्काळाचं पहिलं वर्ष गेलं, दुसरं लागलं, रेशनच्या गव्हासाठी रांगा लागल्या, तेव्हा गावात कुणीतरी बोललं की लोक उपाशी आणि वखारीत ढोलाला गहू चारतात. ते शेठपर्यंत पोचलं. संध्याकाळी बा स्वतः कणकेचा गोळा घेऊन शेडमध्ये आल्या. आप्पासमोर तो ठेवून म्हणाल्या, "घ्या. माझी एक रोटली आज पखवाज खाणार." पुढच्या प्रत्येक सोमवारी त्यांच्या ताटात एक रोटी कमी असे. कुणी विचारलं तर म्हणत, माझी वाजून राहिली आहे, ऐका.

त्या दुसऱ्या वर्षी आप्पाच्या रानात काहीच आलं नाही. विहीर आटली. बैलजोडी मेहुण्याकडे पोचवून आप्पा आणि त्याची बायको पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. हे त्यानं आम्हाला सांगितलं नाही. शेठच्या हाताला ते कळलं. एका सोमवारी बैठक सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, शेठनी फळीवर चापटी मारून भजन थांबवलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"आप्पा, हात दाखव."

"काय न्हाई शेठजी. जरा सुजलाय."

शेठ उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याचा पंजा हातात घेऊन उलटा केला. तळव्याला फोड येऊन फुटलेले, करंगळीकडचा भाग काळानिळा. सगळे बघत होते. स्वतःची दोन बोटं नसलेल्या हातानं शेठ तो पंजा बराच वेळ धरून होते.

आप्पानं मग उरलेलंही सांगून टाकलं. त्याचा दुसरा मेहुणा पुण्यात बांधकामावर होता. त्यानं बोलावलं होतं. शिवरात्र झाली की तो घरदारासकट जाणार होता.

शेठ म्हणाले, जायचं नाही, घरी बस, पाऊस पडेपर्यंत घर मी चालवतो. आप्पानं हात सोडवून घेतला.

"वाजवल्याचे पैसे म्या कधी घेतले न्हाईत शेठजी. आता बसून ऱ्हायल्याचे घेऊ का?"

बैठक तिथंच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा शेठ जिन्याखाली उभे होते. त्यांनी मला थांबवलं आणि कच्छमधल्या त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. ती त्यांनी एकदाच सांगितली. त्यांच्या लहानपणी तिथंही असाच दुष्काळ पडला होता. देवळापुढं रोज भजनाला बसणारी मंडळी एक एक करून पोट भरायला गेली. कुणी मुंबईला गोदीत, कुणी कुठं. "पाऊस आला परत," शेठ म्हणाले. "ढोरं आली. माणसं पण थोडी आली. पण बैठक नाही बसली, साहेब. एकतारा खुंटीला होता. हात नव्हता कुणाचा." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कचेरीला खुर्च्या पाहिजेत ना?"

मी चकित झालो. नव्या कचेऱ्यांत बसायला काही नव्हतं, हे खरं होतं. आम्ही काही जण पेटीवर बसून काम करत होतो. पण सरकारी काम शेठ घेत नसत. बिलासाठी चकरा मारायला माझे पाय फुकटचे नाहीत, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते. निविदेची सूचना फलकावर लागली होती. नियम काय आहेत ते मी त्यांना सांगितलं, आणि कुणालाही सांगितलं असतं त्याहून एक शब्द जास्त सांगितला नाही. शिवाय कचेरीत जाऊन वरिष्ठांना कळवलं की मी त्यांचा भाडेकरू आहे, हे प्रकरण माझ्याकडे नको.

शेठचा दर सगळ्यांत कमी निघाला. काम मिळालं. सागवानी चौकटीच्या, वेतानं विणलेल्या खुर्च्या. चौकटी वखारीतले सुतार करणार होते. वेत विणायला माणसं हवी होती. शेठ सायकलवरून औशाच्या वाटेला लागले आणि आप्पाला व त्याच्या शिष्यांना मजुरीवर घेऊन आले. हे फुकटचं नव्हतं, काम होतं. आप्पा आला. पण येताना सांगूनच आला की काम होळीपर्यंतचं आहे, ते झालं की पुण्याला जाईन. पाऊस त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. ते मधले महिने कसे काढायचे, हा प्रश्न तसाच राहिला होता, आणि शेठना तो दिसत होता.

गावातला एक म्हातारा वेतकाम करणारा शिकवायला आला. चौकटीला भोकं पाडायची, भिजवलेली वेताची पट्टी त्यांतून ओवायची, जाळी विणायची. तो सारखा सांगे, ढिलं ठेवा, वाळल्यावर वेत आपोआप आवळतो. थोडं शिकवून तो लेकीकडे गेला. वेत भिजवायला पाणी लागे आणि पाणी तर टँकरचं. बांनी घरातल्या आंघोळी एक दिवसाआड केल्या आणि ते पाणी वेताला दिलं. माझी बायको आणि मुलगी तोपर्यंत लातूरला आल्या होत्या. आमच्या आंघोळीही त्यातच गेल्या. मला करारात हे नव्हतं असं म्हणायचं होतं, पण करार लिहिलेलाच नव्हता.

आप्पाला ढिलं ठेवणं जमेना. ज्यानं जन्मभर पखवाजाच्या कातडी वाद्या ओढल्या, त्याच्या हाताला सैल जाळी म्हणजे बिघडलेलं वाद्य. तो पायानं चौकट दाबून पट्टी ओढायचा. शिष्य त्याचं बघून ओढायचे. विणून झालेल्या खुर्चीवर बोट मारलं की ठण्ण आवाज येई. पुढं पुढं ती मंडळी खुर्च्या आवाजाप्रमाणं ओळीत लावायला लागली. खालच्या सुराची अलीकडं, वरच्या सुराची पलीकडं. संध्याकाळी त्यावर ठेका धरून भजन म्हणत. शेठ येत, एकेका खुर्चीवर तळवा ठेवत, पेरानं वाजवत आणि काही न बोलता पुढं जात.

होळीच्या सुमारास खुर्च्या कचेरीत गेल्या. उन्हाळा लागला होता. दहा-बारा दिवसांत वेत खडखडीत वाळला आणि आवळला. चौकटी आत ओढल्या गेल्या, सांधे उघडले, पाय फाकले. आमचे वरिष्ठ एका खुर्चीवर बसले आणि बसल्या जागी हळूहळू डावीकडं कलत गेले. सगळे हसू दाबत होते. त्यांनी मला बोलावलं. मी म्हणालो, मी भाडेकरू आहे. ते म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच तुम्ही मोजा. तुम्ही मोजलेलं कुणी खोटं म्हणणार नाही.

मी मोजलं. प्रत्येक खुर्ची सपाट फरशीवर ठेवून पाहिली. निम्म्याहून जास्त नापास निघाल्या. तसा अहवाल लिहिला. लिहिताना आप्पाचं पुण्याला जाणं डोळ्यांपुढं होतं. काम नापास म्हणजे बिल नाही. बिल नाही म्हणजे वखारीत पुढचं काम नाही. पण डुगडुगणारी खुर्ची सरळ आहे असं लिहिता येत नाही.

शेठ आले. मला वाटलं, चिडतील. त्यांनी माझ्याबरोबर सगळ्या खुर्च्या फिरून पाहिल्या आणि एकीपाशी थांबले. मी ती पास केली होती. "ही पण डुलते, साहेब. बरोबर बघा." मी बघितलं. किंचित डुलत होती. त्यांनी अशा आणखी दोन काढून दिल्या. स्वतःचाच माल नापास करून घेणारा व्यापारी मी पहिल्यांदा पाहत होतो. वरिष्ठांना त्यांनी सांगितलं की चूक माझी, सगळ्या परत नेतो, विणकाम उसवून नव्यानं करून देतो, वेळ तेवढा द्या. वेळ मिळाला.

संध्याकाळी वखारीत आप्पा गाठोडं बांधून बसला होता. गावचं सगळं आवरून बायको-पोरं त्याच दिवशी आली होती, रात्रीच्या गाडीनं जायचं होतं. खुर्च्यांनी भरलेला ट्रक आत आला तेव्हा तो उभा राहिला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. शेठनी एक खुर्ची खाली घेऊन त्याच्यासमोर ठेवली. ती एका बाजूला कलली.

"कुणी विणली?" शेठनी विचारलं.

आप्पानं खुर्चीकडं पाहिलं. "म्याच."

"आणि निघाला कुठं?"

आप्पानं कललेली खुर्ची हातानं सरळ करून पाहिली.

"जा," शेठ म्हणाले. "सरकारात लिहून गेलं आहे, वखारीचं काम खराब. आता म्हणतील, खराब करणारा पळून पण गेला. जा तू. गाडीचा टाइम झाला."

आप्पाच्या बायकोनं गाठोडं उचललं होतं, ते तिनं खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "नीट करून द्या आधी. असं टाकून जात्यात व्हय?"

मजुरीवरून मात्र वाद झाला. आप्पा म्हणे, माझ्या हातून बिघडलं, मी काही घेणार नाही. शेठ म्हणाले, अर्धी मजुरी देईन, एक पैसा जास्त मागायचा नाही. आप्पानं मान हलवली. पूर्ण दिली असती तर त्यानं घेतली नसती. अर्धी त्याला शिक्षा वाटली, म्हणून घेतली. ती अर्धीसुद्धा खडीच्या मजुरीहून जास्त पडत होती, हे मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. वर सगळ्यांचं जेवण बांकडे.

विणलेलं उसवायचं, चौकटी सरळ करायच्या, पुन्हा विणायचं. नव्यानं करण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. दर सोमवारी बैठक बसत होती. आप्पाच्या तळव्याचे फोड वाळले, खाली नवी कातडी आली. मृगानं साथ दिली तेव्हा शेवटच्या खुर्च्या कचेरीत गेल्या, मी मोजल्या, सगळ्या पास झाल्या, आणि आप्पा सायकल काढून पेरणीला गावी गेला. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढं काही वर्षांनी माझ्या मनात एक शंका आली. बंद लाकडातली चीर बोटाच्या पेरानं ओळखणाऱ्या माणसाला, ओला वेत वाळून आवळतो हे कळलं नसेल? रोज तळवा ठेवत होते, मग एकदाही ढिलं करा म्हणाले का नाहीत? मी सरळ विचारलं. शेठनी कानामागं हात धरला. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "वेत मला काय कळते, साहेब? मी लाकडाचा माणूस." आणि आमच्या नव्या कपाटावर टकटक करायला लागले.

मी नंतर घर बांधलं, वखारीवरून उठलो. सोमवार सुटला नाही. प्लायवूड आलं, करवत हळूहळू बंद पडली, पुढच्या बाजूला मुलांनी दुकानं काढली. मागचं शेड राहिलं. आज औसा, निलंगा, उदगीरकडच्या किती देवळांत शेठच्या लाकडाचे पखवाज वाजत असतील ते सांगता येत नाही, कारण त्यांनी मोजू दिलं नाही. शेठ पिकल्या वयात, दोन दिवसांच्या आजारात गेले.

शोकसभेत पुष्कळ बोलणारे होते. कलेचे आश्रयदाते, दानशूर, असं बरंच झालं. आप्पा कोपऱ्यात बसून होता. त्याचीही सत्तरी उलटली होती. संपल्यावर मी त्याला माझी ती जुनी शंका सांगितली.

"शंका कशाची," आप्पा म्हणाला. "त्यांना ठावं व्हतं. मला बी ठावं व्हतं."

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"पहिल्या थोड्या खुर्च्यांत खरंच चुकलं. मग पहिली वाळली, अन् कळलं. वाळल्यावर कातडं आवळतं हे मला ठावं हाय, अन् वेत कळंना व्हय? म्हणलं शेठजी आता बोलतील. शेठजी आले, हात ठेवला, माझ्याकडं पाह्यलं, अन् पुढं गेले. तवा वळखलं, ह्यांना म्या जाऊ नये वाटून राहिलंय."

"आणि तरी तुम्ही ओढत राहिलात?"

"एवढा मोठा माणूस माझ्यापायी लबाडी करून राहिला. त्याला उघडं पाडू का?" तो म्हणाला. "फुकटचं घ्यायला मन धजत नव्हतं. अन् जायला बी पाय निघत नव्हता. अर्धी मजुरी घेताना लई हसू येत व्हतं. तोंड पाडून घेतली."

म्हणजे माझा अहवाल तेवढा खरा होता. बाकी सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते.

तिथंच आप्पानं सांगितलं की तो आता पुण्याला जाणार. मुलगा तिथं नोकरीला होता, घर घेतलं होतं, बरेच दिवस बोलावत होता. शेठ होते तोवर जमलं नाही. आता इथं कोणासाठी राहायचं? शेठचा धाकटा मुलगा जवळच उभा होता. त्यानं आमचं सगळं बोलणं ऐकलं. हा मुलगा गाण्याबजावण्यातला नव्हता. वडिलांच्या सोमवारांना तो लहानपणापासून कंटाळलेला, शेडच्या जागी गोडाऊन करायचं म्हणणारा. तो लगेच निघून गेला. मला वाटलं, बैठक आता उठली.

चार दिवसांनी आप्पा सगळ्यांचा निरोप घ्यायला वखारीत आला. मीही गेलो होतो. धाकटा आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. व्यासपीठावर सात-आठ पखवाज ओळीनं मांडून ठेवले होते, सगळ्यांच्या वाद्या तुटलेल्या. तो आमच्याकडं न बघता सांगायला लागला, की खेड्यांतून दुरुस्तीला आलेत, तुमच्याच नावावर आलेत, मंडळं तगादा लावून राहिली आहेत, बापूजी गेल्यावर वखारीचं नाव खराब होईल. एवढं करून द्या आणि मग खुशाल जा.

आप्पा खाली बसला. त्यानं एक पखवाज मांडीवर घेतला आणि तुटलेल्या वादीचं टोक बोटांत धरून बघितलं. मी वाकून पाहिलं. झिजून तुटलेली वादी विरलेली असते. ही सरळ कापलेली होती, आणि काप ताजा होता. त्यानं दुसरा पखवाज बघितला, तिसरा बघितला. सगळे तसेच. धाकटा भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती.

आप्पानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली, आणि नवी वादी कुठं आहे ते विचारलं.

"ह्याला लई दिवस लागतील," तो म्हणाला.